ठिपक्यांच्या पडद्यापाशी

ऑफिसात काकांना सगळे शर्यतवाले म्हणायचे. टायरच्या दुकानाच्या डोक्यावर एक लांबुळकी खोली होती. भिंतीला लागून ओट्यासारखी टेबलं, आणि टेबलांवर उघडेवाघडे कॉम्प्युटर. ना खोकं, ना झाकण. नुसता सर्किटचा पत्रा, त्यावर पंखा आणि पंख्याखाली प्रोसेसर. बाजारात नवा प्रोसेसर आला की तो या टेबलावर यायचा आणि शर्यतवाले त्याला जुन्यांबरोबर पळवायचे. कोण काम लवकर उरकतो, कोण तापतो, कोण वीज जास्त खातो हे पाहून ऑफिस लोकांना सल्ला द्यायचं, की हा घ्या, तो घेऊ नका.

शर्यत खरी व्हायची तर सगळ्यांना काम तेच द्यावं लागतं. इथलं काम ठरलेलं होतं: एक चित्रफीत दाबून दाबून लहान करायची, म्हणजे ती कमी जागेत मावावी. फीत छोटीशी. खिडकीपाशी एक बाई बसलीय, पुढ्यात एक लहान मुलगी, आणि बाई तिचे केस विंचरतेय. मागे खिडकीला ठिपक्यांचा पडदा, वाऱ्याने हलणारा. बाकी काही घडत नाही. बाई मान खाली घालून विंचरत राहते, मुलगी मध्येच कळवळते, पडदा फुगतो आणि बसतो.

बाई म्हणजे शर्यतवाल्यांची बायको आणि मुलगी त्यांची लेक.

फीत त्यांनीच काढली होती, ऑफिसचा कॅमेरा घरी नेऊन. प्रोसेसरला घाम फोडायचा तर चित्रात बारीक आणि हलणारं काहीतरी हवं. केसांइतकं अवघड दुसरं काही नाही, आणि हलत्या पडद्यावरचे ठिपके त्याहून वाईट. बायकोला ते म्हणाले, "तू आपली वेणी घाल. फक्त इकडे बघू नकोस, म्हणजे नैसर्गिक वाटेल."

"अहो, घरातलं माणूस समोर उभं असताना त्याच्याकडे बघायचं नाही, हे कसलं नैसर्गिक?" ती म्हणाली होती. पण फितीत तिने एकदाही वर पाहिलं नाही. शब्दाला पक्की होती.

पुढे लेक मोठी झाली, आणि ती शाळेत असतानाच बायकोच्या मेंदूत गाठ निघाली. दवाखान्यात ती फार दिवस नव्हती. शर्यतवाले दिवसभर कामावर असायचे आणि संध्याकाळी तिच्यापाशी जाऊन बसायचे. तोवर औषधांनी तिला झोप लागलेली असायची. दिवसभराचं सगळं लेकीनेच निभावलं. "आज आईने तुमची आठवण काढली," ती रोज सांगायची. मग एका सकाळी सगळं संपलं.

फीत मात्र चालू राहिली. ऑफिसात कुणाच्या मनात ती बदलायचं आलं नाही, कारण फीत बदलली की जुने सगळे निकाल वाया. आणि मॅडमनी, म्हणजे ऑफिस चालवणाऱ्या बाईंनी, एकदा भीत भीत विचारलं तेव्हा शर्यतवाल्यांनीच तो विषय झटकून टाकला होता. "चालू द्या. सवय आहे मला." ते खोटंही नव्हतं. दररोज डोळ्यांसमोरून जाणारी वस्तू माणसाला दिसेनाशी होते. त्यांना केस दिसायचे, ठिपके दिसायचे, सेकंद दिसायचे. बायको दिसायची नाही.

मग संग्रहाचं काम आलं.

गावात एक संग्रह होता. लोक तिथे आपल्या घरातली जुनी रेकॉर्डिंग आणून देत: कुणाच्या आजीचं बोलणं, कुणाच्या बारशाची फीत, कुणाच्या वडिलांचं गाणं. ते सगळं नीट दाबून कायमचं जपून ठेवायचं होतं. प्रश्न साधा होता. त्यासाठी टेबलावरचे साधे डेस्कटॉप पुष्कळ घ्यावेत, की मोजके मोठे सर्व्हर?

"काका, तुम्ही दोघांची शर्यत लावा," मॅडम म्हणाल्या. "चांगली दणदणीत. दिवसरात्र चालू द्या."

दोघांची जातच वेगळी. डेस्कटॉपचा प्रोसेसर म्हणजे सडाफटिंग गडी. एक काम द्या, धूम ठोकून करून आणेल. सर्व्हरचा प्रोसेसर पळण्यात त्याच्यापुढे मंदच, पण त्याच्या पोटात पुष्कळ कोअर, म्हणजे काम करणारे हात. पन्नास कामं एकदम द्या, तो धाप न लागता सगळी उचलतो आणि महिनोन्महिने खाली ठेवत नाही. म्हणून डेस्कटॉपला त्यांनी एक फीत दिली आणि सर्व्हरला तीच फीत एकदम पन्नासदा.

सर्व्हर काचेच्या दाराआड, गार खोलीत होता. त्याचे पंखे असे घोंघावायचे की कानाला टोपणं लावून आत जावं लागे. शर्यतवाले आत गेले, काम नीट चाललंय का ते बघायला सगळ्या फिती एकदम स्क्रीनवर उघडल्या, आणि जागच्या जागी थबकले.

स्क्रीनभर ओळीने खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत ती. एकीचा हात वर, दुसरीचा अर्ध्यावर, तिसरीचा केसांच्या टोकाशी. सगळ्या माना खाली. एवढी वर्षं जी दिसली नव्हती ती एकदम इतक्यांदा दिसली. आणि इतक्या जणींतली एकही त्यांच्याकडे बघत नव्हती.

ते बाहेर आले तेव्हा पंखे बसवणारा तंत्रज्ञ चहा पीत उभा होता. "काय शर्यतवाले, आत भूत बघितलंत की काय? तोंड बघा कसं झालंय."

"गार आहे आत फार," ते म्हणाले.

चूक निघाली ती पुढच्या आठवड्यात. काम संपलं की कॉम्प्युटर तयार झालेल्या फितीतल्या सगळ्या आकड्यांवरून एक खूण काढतो. फीत तीच, काम तेच, तर खूणही दरवेळी तीच यायला हवी. सर्व्हरची येत होती. डेस्कटॉपची एका फेरीत वेगळी आली.

शर्यतवाल्यांनी ती फीत उघडली. पहिल्यापासून सगळं नेहमीसारखं. मग मधल्या एका ठिकाणी पडदा फुगला आणि बायकोने त्यांच्याकडे पाहिलं.

मान तशीच खाली. फक्त डोळे उघडले, काळेभोर, आणि थेट समोर रोखले. क्षणभर तशीच बघत राहिली. मग पापण्या परत मिटल्यासारख्या झाल्या आणि हात पुन्हा केसांतून फिरायला लागला.

खुर्ची ओढून ते बसले. आसपास दुपारची गडबड, खाली कुणीतरी टायर ठोकत होतं.

खरं कारण त्यांना दुसऱ्यांदा बघतानाच कळलं. उगाच नव्हती एवढी वर्षं या कामात गेली. मेमरीत कुठेतरी एका आकड्याने पलटी खाल्ली होती. त्यामुळे चित्राचे दोन तुकडे चुकीच्या जागेवरून उचलले गेले होते, पडद्यावरचे दोन काळे ठिपके सरकून तिच्या झुकल्या पापण्यांवर येऊन बसले होते. बस, एवढंच. सर्व्हरच्या मेमरीत असली चूक पकडून जागच्या जागी दुरुस्त करायची सोय असते. या डेस्कटॉपच्या मेमरीत ती नव्हती. मेमरीची एक पट्टी अधू असणार. ती काढायची, मॅडमना सांगायचं, अहवालात लिहायचं. नवशिक्यालाही कळेल असं काम.

त्यांनी ते केलं नाही. ती फीत त्यांनी वेगळी ठेवली आणि डेस्कटॉपला पुन्हा तेच काम लावलं.

त्या दिवसापासून शर्यतवाल्यांचं चित्तच थाऱ्यावर राहिलं नाही. सर्व्हरकडे ते फिरकेनासे झाले. तो कधी चुकणार नव्हता. कितीही वेळा सांगा, तो तिला तशीच मान खाली घालून बसवणार होता. या टेबलावरच्या अधू यंत्रात मात्र कधी काय होईल सांगता येत नव्हतं. इथे ती परत बघण्याची शक्यता होती. जेवणाच्या सुट्टीत डबा पुढ्यात तसाच, आणि ते खुणा तपासत बसायचे. खूण वेगळी आली की लगेच ती फीत उघडायचे. एकदा तिचा विंचरणारा हात मनगटापासून नाहीसा झाला. एकदा लेकीचा अर्धा चेहरा खिडकीत गेला. एकदा सगळी खोली हिरवी झाली आणि हिरव्या पाण्यातून काढावी तशी ती वर आली. पण डोळे पुन्हा उघडले नाहीत.

ठिपक्यांचा तो पडदा घरी अजून होता, विटलेला, त्याच खिडकीला. आताशा ते त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसायचे. तरी वारा आला की मानेवर काहीतरी जाणवायचं. शेवटी एका सकाळी त्यांनी खुर्चीच उचलून स्वयंपाकघरात नेली.

लेक दातांच्या दवाखान्यात कामाला होती, वेगळी राहायची, पण येऊन जाऊन असायची. तिने खुर्ची पाहिली. "हे काय, बाबा? इथे कशाला कोंबलीत?"

"तिकडे वारा लागतो."

"पडदा काढून जाड लावूया का? किती जुना झालाय तो."

"नको!" ते एवढ्या जोरात म्हणाले की ती दचकली. मग तिने विषय बदलला, पण जाताना दारात थांबून त्यांच्याकडे बघत राहिली.

इकडे मॅडमना अहवालाची घाई. "आकडे तर चांगले आलेत डेस्कटॉपचे," त्या म्हणाल्या. "एकेका फितीला सर्व्हरपेक्षा कितीतरी लवकर. आणि स्वस्तही. काही अडचण तर नाही ना आली?"

"नाही," शर्यतवाले म्हणाले. शब्द तोंडातून गेला आणि त्यांनाच तो परक्याचा वाटला. अडचण आली म्हटलं की पट्टी निघणार, मग ते यंत्रही सर्व्हरसारखंच शहाणं होणार.

दोन दिवसांनी संग्रहाच्या बाई स्वतःच आल्या. पोक्त, हसऱ्या, बोलक्या. सगळी यंत्रं कौतुकाने बघत हिंडल्या. हातात कापडी पिशवी होती, तिच्यात नमुन्याच्या फिती. "ही बघा, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दिलीय. मुलगा लहानपणीच गेला त्यांचा. अंगणात सायकल शिकतोय एवढंच आहे. देताना हात सुटेना हो त्यांचा. म्हणाले, यात बदल नाही ना होणार काही? मी म्हटलं, छे, जसा आहे तसाच राहील." मग शर्यतवाल्यांकडे वळून त्यांनी सहज विचारलं, "राहील ना?"

खाली टायर ठोकणं चालू होतं. शर्यतवाल्यांना अंगणात सायकल शिकणारा मुलगा दिसला, आणि त्याच्या तोंडाच्या जागी कुठलातरी चाकाचा तुकडा.

"अहवाल अजून पुरा झाला नाही," ते म्हणाले. मॅडमनी चमकून पाहिलं. "अजून एक गोष्ट तपासायचीय."

तपासायचं काही नव्हतं. सांगायचं होतं. पण सांगण्याआधी ती फीत आणखी कुणीतरी पाहावी असं त्यांना फार वाटलं. आणि ती दाखवण्यासारखं माणूस जगात एकच होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते लेकीला घेऊन ऑफिसात आले. खोली रिकामी, टायरचं दुकान बंद. आयुष्यात पहिल्यांदाच ती तिथे चढून येत होती. "ही फीत आम्ही रोज चालवतो," त्यांनी सांगितलं. तिला ते माहीत होतं, पण फीत पाहून तिचा चेहरा मऊ झाला. "किती ओढायची हो आई! बघा, रडतेय मी."

"आता ही बघ," ते म्हणाले.

पडदा फुगला. आईने पाहिलं. लेकीने खुर्ची मागे सारली आणि तोंडावर हात घेतला.

"घाबरू नकोस. ते पडद्यावरचे ठिपके आहेत, यंत्राची चूक आहे," ते घाईने म्हणाले. मग त्यांचा आवाज पडला. "पण बघ ना, किती मायेने बघतेय. शेवटी एकदा बघावं तशी."

"माया?" लेक म्हणाली. "बाबा, ती ओळखत नाहीये आपल्याला."

"म्हणजे?"

"दवाखान्यात ती अशीच बघायची. शेवटचे कितीतरी दिवस. डोळे मोठे करून, आणि आत कुणी नाही. मी वेणी घालायचे तिची, तर विचारायची, तू कुणाची गं? तुम्हाला नाही सांगितलं मी. तुम्ही आधीच इतके खचला होतात."

"तू तर सांगायचीस, आठवण काढली म्हणून."

"सांगायचे."

स्क्रीनवर फीत संपून पुन्हा सुरू झाली होती. या वेळी दोघंही पडदा फुगायची वाट बघत राहिले. ती बघत होती. शर्यतवाल्यांनी माया शोधली, आणि ती त्यांना आता सापडेना. नुसते दोन काळे ठिपके.

"पुसून टाकतो," ते म्हणाले.

"नका," लेक म्हणाली. "मला द्या. तिचं ते बघणं आजवर मी एकटीनेच पाहिलं होतं. कुणाला सांगता यायचं नाही, ते कसं होतं ते. आता निदान तुम्ही पाहिलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. मॅडम आधी तडकल्या. "काका, मी सरळ विचारलं होतं तुम्हाला! ते लोक उद्या ऑर्डर देणार होते." मग त्यांनी फीत पाहिली आणि बराच वेळ कपाळावर बोटं दाबून बसल्या. "मी असते तर काय केलं असतं, देव जाणे," एवढंच म्हणाल्या आणि उठून स्वतःच्या हाताने पट्टी काढून दिली.

अहवाल नव्याने लिहिला गेला. फिती बघायला, निवडायला, कापायला डेस्कटॉप घ्या, तिथे त्यांच्यासारखा चपळ कुणी नाही. पण कायमचं जपून ठेवायचं ते सर्व्हरवरच दाबा. तो हळू चालेल, महाग पडेल, पण मेमरीत काही बिघडलं तर तो दुरुस्त करेल आणि वर ओरडून सांगेलही. डेस्कटॉप गपचूप पुढे जाईल. संग्रहाने तसंच केलं. मॅडमनी नवी फीत आणली, रस्ता ओलांडणाऱ्या गर्दीची, आणि जुने निकाल गेले ते गेले म्हणाल्या. शर्यतवाल्यांनी मान हलवली.

त्यांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट आता एकच गोष्ट डोक्यात घुमायला लागली. संध्याकाळी कामावरून सुटून ते दवाखान्यात जायचे, ती निजलेली असायची. तिने त्यांच्याकडे कसं पाहिलं असतं, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं.

एकदा लेकीला बसपर्यंत पोचवायला गेले असताना त्यांनी विचारलं. थांब्यावर ऊन उतरत आलं होतं. बाकावर दुसरं कुणी नव्हतं.

"मी यायचो तेव्हा तिला खरंच झोप लागलेली असायची?"

लेकीने पिशवी मांडीवर घेतली, तिचे बंद नीट केले. "खरं सांगू?"

"सांग."

"नाही लागलेली. तुमची पावलं ऐकली की ती डोळे मिटून घ्यायची. मला म्हणायची, तो माणूस आला बघ. कोण आहे गं तो?"

बस आली. लेक उठली नाही. दार उघडलं, ड्रायव्हरने वाट पाहिली, दार लागलं, बस गेली.

"घाबरायची का मला?" शर्यतवाल्यांनी विचारलं.

"पहिल्यांदा घाबरायची. मी म्हणायचे, सांगू का त्यांना, येऊ नका म्हणून?" लेकीने त्यांचा हात धरला. "तर एकदा म्हणाली, राहू दे. काही बोलत नाही बिचारा. दमून येतो वाटतं कुठूनतरी. बसू दे त्याला."

पुढची बसही त्यांनी जाऊ दिली.